छोट्या लाईनच्या डब्याचा रंग कुणाला आठवतोय का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मोठ्या माणसांच्या छंदांवर पानभर लेख होता. त्यात लेगोच्या ब्रिकांपासून, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांपासून, आगगाड्या बनवणाऱ्यांच्या वाट्याला दोन ओळी आल्या, अन् त्यातही 'पैसेवाल्यांचं परदेशी खूळ' म्हणून लेखकानं गाडी पुढं काढली. आमच्या घरी तो लेख आईनं मोठ्यानं वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं अन् म्हणली, घे, आता तर पेपरातच आलं. तेव्हापासून पत्र लिहायचं मनात होतं पण दुकानात जळालेल्या मोटरींचा ढीग, त्यामुळं आठ दिवस असेच गेले.

मी परभणीत मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवतो, म्हणजे पैसेवाला नाही हे आलंच. वडील, म्हणजे आमचे अण्णा, पूर्णेच्या लोकोशेडला फिटर होते, आता ८१ वर्षांचे आहेत. गाडीचं वेड घरातच होतं, ब्रिकांचं मात्र पोरीमुळं लागलं. ती पहिलीत असताना कुणीतरी वाढदिवसाला ब्रिकांचा एक छोटा खोका दिला होता, तिचं खेळून झालं अन् माझं सुरू झालं ते अजून चालूच आहे. ती आता सातवीत आहे.

महाग आहे हे लेखकाचं मान्य. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० च्या बजेटात २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ ला ७० झाली, त्यात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआय मार्क पाहिजेच. देशी कारखाने चालावेत म्हणून केलं, ठीकय, त्यावर माझं भांडण नाही. पण मोटरवाला आगगाडीचा एक सेट म्हणजे एक दुभती शेळी असा हिशोब आहे, त्यामुळं मी सेट घेतच नाही. रूळ, मोटर अन् चाकं तेवढी अस्सल घेतो, बाकी माल त्याच मापाचा दुसऱ्या कंपन्यांचा नाहीतर वापरलेला, किलोवर मिळणारा. तसा माल बनवणं कायद्यात बसतं का असं एका गिऱ्हाईकानं विचारलं होतं. बसतं. ब्रिकचं पेटंट १९५८ चं, ते केव्हाच संपलं, मग लेगो युरोपच्या वरच्या कोर्टात गेली की ब्रिकचा आकार हाच आमचा ट्रेडमार्क आहे, तर २०१० ला कोर्टानं सांगितलं की हा आकार कामासाठी केलेला आहे, त्याच्यावर कायमची मालकी सांगता यायची नाही. पण एक गोष्ट कबूल करावी लागंल. १९५८ चा ब्रिक आज निघालेल्या ब्रिकवर टच्च बसतो. आमच्या धंद्यात दहा वर्षांपूर्वीच्या पंपाचं बुश आज मिळत नाही साहेब. दुसऱ्यांचे ब्रिक कधी सैल निघतात, कधी इतके घट्ट की काढता काढता नख जातंय.

आता 'परदेशी खूळ' म्हणलेलं मात्र मला पटलं नाही, पत्र त्याच्यासाठी लिहायलोय, अन् छोट्या लाईनच्या, म्हणजे जुन्या मीटरगेजच्या डब्याबद्दल शेवटी एक मागणंही आहे.

लेगो डेन्मार्कची, बिलुंड नावाच्या गावची, हे बरोबर. त्यांची पहिली आगगाडी १९६६ ची, निळ्या रुळांची अन् साडेचार व्होल्टच्या बॅटरीवरची. पुढं १२ व्होल्ट आलं, १९९१ ला ९ व्होल्टचे धातूची पट्टी लावलेले रूळ आले, म्हणजे करंट रुळातनंच. ते बंद होऊन परत गाडी बॅटरीवर आली अन् २०१८ पासून ब्लूटूथ, मोबाईलवरून गाडी पुढं मागं करता येते. (धातूच्या रुळावर गाडी गोल फिरवून त्याच रुळावर उलटी आणायची म्हणली की डावी पट्टी उजवीला भेटते अन् शॉर्ट. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. बॅटरीच्या गाडीला ती कटकट नाही, म्हणून जुने शौकीन काहीही म्हणोत, मला बॅटरीच बरी वाटते.) हे सगळं परदेशातलं. पण मला हवीय ती पूर्णेची पॅसेंजर, अन् ती जगातली कुठलीच कंपनी डब्यात घालून विकत नाही. ती स्वतःच बनवावी लागते, अन् बनवायची म्हणल्यावर आपलीच गाडी आधी नीट बघावी लागते. आयुष्यभर ज्या गाडीतनं ये-जा केली तिला मी कधी बघितलंच नव्हतं, हे मला ब्रिक हातात घेतल्यावर कळलं.

कसं ते सांगतो, थोडा हिशोब आहे पण सोपा आहे.

ब्रिकच्या डोक्यावर ज्या गोल गुंड्या असतात, स्टड म्हणतात, त्या एकमेकींपासून ८ मिलिमीटरवर. ब्रिक ९.६ मिलिमीटर उंच अन् पातळ प्लेट ३.२, म्हणजे तीन प्लेटा एकावर एक ठेवल्या की एक ब्रिक. पाच प्लेटांची थप्पी १६ मिलिमीटर, तेवढंच दोन गुंड्यांचं अंतर. हे पाचास दोनचं गणित सगळ्या कारागिरीची चावी आहे. कारण त्यामुळं ब्रिक आडवा करून भिंतीला लावला तरी माप जुळतं, गुंड्या वर न येता बाजूला येतात अन् डब्याची बाजू इस्त्री केल्यासारखी गुळगुळीत होते. हे कळायला मला दोन वर्षं लागली, पोरीनं दोन दिवसात धरलं.

आता रूळ. लेगोचा रूळ आतून आतून साधारण साडेसदतीस मिलिमीटर, आपली मोठी लाईन म्हणजे ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, भागिलं की पंचेचाळीसच्या जवळ येतं. म्हणजे गाडी खऱ्याच्या पंचेचाळीस पट लहान करायची. बाहेरच्या लोकांचे हिशोब त्यांच्या १४३५ मिलिमीटरच्या लाईनवर असतात, ते अडतीसच्या आसपास येतात. त्यांचा आकडा तसाच उचलला की आपला डबा रुळावर म्हशीसारखा फुगलेला दिसतो. माझा पहिला डबा असाच झाला होता, अण्णा म्हणले हा डबा आहे का कडबा भरलेला ट्रक.

आपला निळा आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या कारखान्याचा डबा रुंदीला ३२४५ मिलिमीटर. पंचेचाळीसनं भागा, ७२. आठनं भागा, बरोबर ९ गुंड्या. इथंच गोम आहे, कारण ९ विषम अन् लेगोचे आगगाडीचे सांगाडे सम मापाचे. मग जंपर प्लेट नावाची एक चीज असते, दोन गुंड्यांच्या जागेत मधोमध एकच गुंडी, ती घातली की सगळं अर्ध्या गुंडीनं म्हणजे ४ मिलिमीटरनं सरकतं अन् विषमाचं समावर बसतं. बहुतेक लोक हा त्रास नको म्हणून ८ गुंड्यांचा डबा करतात. चालतं. माझ्याकडनं नाही झालं, एक गुंडी कमी केली की डबा आपला वाटत नाही, उगं चेपल्यासारखा वाटतो.

लांबी काढली अन् मात्र हात टेकले. डबा २१.३ मीटर, म्हणजे ४७ सेंटिमीटर, ५९ गुंड्या. अन् लेगोच्या वळणाच्या रुळाची त्रिज्या ४० गुंड्या, ३२ सेंटिमीटर! सोळा तुकडे जोडले की गोल पूर्ण. आपल्या रेल्वेत मोठ्या लाईनचं वळण १७५ मीटर त्रिज्येच्या आत घेत नाहीत, ते पंचेचाळीसनं भागलं तर जवळजवळ चार मीटर येतं, म्हणजे आमच्या हॉलची भिंत पाडून शेजाऱ्याच्या देवघरातनं गाडी न्यावी लागंल. शेजारी चांगले आहेत पण एवढे नाहीत. मोठ्या त्रिज्येचे रूळ बाहेरच्या दुसऱ्या कंपन्या बनवतात, पण ते परत ड्युटी भरून. म्हणून डबाच कापायचा. ५९ चा मी ३८ गुंड्यांवर आणला.

अन् साहेब, खरा छंद इथं सुरू होतो. २१ गुंड्या कापायच्या म्हणजे काय कापायचं? खिडक्या बारीक करू का कमी करू? संडासाची काचेची खिडकी ठेवायची का? लाल रंगाची इमर्जन्सी खिडकी तर पाहिजेच, ती नसंल तर तो डबा कुठल्याही देशातला वाटंल. दाराजवळची पायरी, छपरावरचे गोल झाकणाचे हवेचे झरोके, दोन डब्यांच्या मधला तो काळा भाता. मी खिडकीची रुंदी तशीच ठेवली अन् संख्या कमी केली, कारण आपण गाडी लांबून बघतो तेव्हा खिडक्या मोजत नाही, खिडकीचा आकार बघतो. पोरगी म्हणते उलटं पाहिजे. तिच्या डब्याला खिडक्या पूर्ण आहेत पण त्यातनं मुंगीनंच बघावं.

ह्या मापांसाठी मी एकदा स्टेशनला टेप घेऊन गेलो होतो, थांबलेल्या डब्याच्या खिडकीची प्लॅटफॉर्मपासून उंची घ्यायची होती. वर्दीतला एक जवान आला, काय मोजायलाय म्हणला. मी म्हणलं डबा बनवायलोय. तो म्हणला कारखाना लातूरला आहे, इकडं कशाला आलाव. आता ह्याला काय सांगावं! मोबाईलमधला फोटो दाखवला तर बराच वेळ बघितलं, हसला, टेप खिशात घाल म्हणला अन् गेला. तेव्हापासून टेप नेत नाही, माझ्या हाताची वीत अन् बुटाचं माप पाठ आहे, तेवढ्यावर भागतंय.

डबे झाले की अक्षरं. हे काम कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटा करणाऱ्या रेडियमवाल्याकडं गेलो अन् म्हणलं 'पूर्णा जं.' पाहिजे, अक्षर ४ मिलिमीटर. तो म्हणला दादा एवढं बारीक मशीनचं ब्लेड उचलत नाही, जोडाक्षर तुटतंय. मग रफार त्यानं हातानं ब्लेडनं कापला, पैसे घेतले नाहीत, म्हणला गाडी सुरू झाली की बोलवा. रंग देणं, कापणं, चिकटवणं हे काही लोकांना पाप वाटतं, ब्रिक जसा आला तसाच वापरायचा म्हणतात. माझं मत असं की कापू नये, कारण कापलेला ब्रिक दुसऱ्या कामाचा राहत नाही. स्टिकर खुशाल लावावा.

कॉम्प्युटरवर आधी गाडी बनवून बघता येते, फुकट. जेम्स जेसमन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या तरुणानं १९९५ ला एलड्रॉ नावाचा प्रोग्राम लिहिला, दोनच वर्षांनी तो वारला, पण त्याच्या त्या कामावर आजही जगभरचे लोक ब्रिकांची चित्रं काढतात. आता स्टुडिओ नावाचं सोपं सॉफ्टवेअर आहे, किती तुकडे कुठल्या रंगाचे लागतील ते तेच सांगतं. कमी पडलेला माल नेटवर ब्रिकलिंकच्या बाजारात सुटा मिळतो, तिथं जगातले दुकानदार एकेक तुकडा विकतात. माझा अनुभव मात्र एकदा खराब आला. एका विक्रेत्याकडनं इंजिनाची आठ मोठी चाकं मागवली होती, चार काठाची अन् चार बिनकाठाची, तर आली सगळी काठाची. परत पाठवायचा खर्च चाकांपेक्षा जास्त. ती तशीच पडलीत. चाकांचा हा काठ काय भानगड आहे ते पुढं सांगतो.

त्याआधी पाण्याची गाडी.

एप्रिल २०१६ सगळ्यांना आठवत असंलच. लातूरला मिरजेहून जलदूत आली, १२ तारखेला पहाटे, पहिली खेप १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. आमच्याकडंही नळाला तेव्हा किती दिवसाआड पाणी यायचं ते सोडा. पोरीला मागच्या वर्षी शाळेत पाण्यावर प्रकल्प होता, सगळ्यांनी थर्माकोलच्या विहिरी केल्या. आम्ही जलदूत केली. गोल टाकीसाठी कमानीचे तुकडे चारी बाजूंनी बाहेर तोंड करून लावायचे, आत सगळ्या गुंड्या बाजूला, म्हणजे तेच पाचास दोनचं गणित. एक टाकी जमायला तीन रविवार गेले, पुढच्या नऊ मग दहा दिवसात झाल्या.

तेव्हा पोरीनं विचारलं, पप्पा, ह्यात खरं किती पाणी बसंल? गाडी पंचेचाळीस पट लहान म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्ही पंचेचाळीस पट, म्हणजे पाणी पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस, ९१ हजार १२५ पट कमी. पाच लाखाला भागा. साडेपाच लिटर. तिनं उठून स्वयंपाकघरातनं कळशी आणली अन् मापून साडेपाच लिटर पाणी भरलं, अर्धी पण नाही झाली. दहा वाघिणींची अख्खी गाडी अन् अर्धी कळशी. आई म्हणली, त्या वर्षी एवढ्यावर दिवस काढलेत आम्ही. पोरीनं ती कळशीच प्रकल्पाला नेली, गाडीच्या शेजारी ठेवायला.

गाडी मात्र शाळेत चालली नाही. दहा वाघिणी म्हणल्यावर वळणावर चाकं रुळाला घासतात, ओढ वाढते, इंजिनाच्या मोटरच्या चाकांना रबराची रिंग असते तरी ती जागेवरच फिरायला लागली. इंजिन हलकं अन् माल जड. दुकानात आणून मी इंजिनाच्या पोटात, बरोबर मोटरच्या वर, जुन्या जळालेल्या मोटरीच्या कोअरच्या पत्र्यांची थप्पी बसवली. पकड आली. मग बॅटरीचं. लेगोच्या त्या ब्लूटूथच्या डब्यात बारीक सहा सेल लागतात, दीड व्होल्टचे सहा म्हणजे नऊ व्होल्ट, पण चार्जिंगचे सेल टाकले की १.२ व्होल्टचे सहा, सव्वासात व्होल्टच्या आसपास, गाडी म्हातारी होते. गाडी हळू चालायलीय म्हणून मोटर बदलायला निघालेल्या लोकांनी आधी सेल बघावेत, आमच्या दुकानातही निम्मी गिऱ्हाईकं मोटर जळाली म्हणून येतात अन् दोष स्टार्टरचा निघतो.

जलदूतवरनं अजून एक ध्यानात आलं. मिरज ते लातूर ही लाईन म्हणजे आपली जुनी बार्शी लाईट. १८९७ ला बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली, १९११ ला लातूरला पोचली, कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं काढलेली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. लातूरकडची बाजू २००८ पर्यंत मोठी झाली. ती झाली नसती तर मिरजेहून भरलेली वाघीण थेट लातुरात उतरली नसती, मधे कुठंतरी पाणी पलटी करत बसावं लागलं असतं. मराठवाड्यानं तिन्ही लाईनी बघितल्यात साहेब. मोठी, छोटी अन् त्याहून छोटी. पंचेचाळीसनं भागलं की मोठी साडेसदतीस मिलिमीटर, छोटी म्हणजे मीटरगेज बावीस, तीन गुंड्यांच्या जवळ, अन् बार्शीवाली सतरा, दोन गुंड्या. एका टेबलावर तिन्ही शेजारी शेजारी टाकायच्या हे माझं काम सध्या चालू आहे. बाहेरच्या माणसाला हे सुचणारच नाही कारण त्याच्या गावाला हे घडलेलंच नाही. मग परदेशी खूळ कुठलं?

आता छोट्या लाईनचं, म्हणजे मूळ मुद्द्याचं.

मनमाड ते सिकंदराबाद ही लाईन निजामाच्या काळात, १९०० च्या सुमाराला झाली, मीटरगेज. आमच्या बाजूला नव्वदच्या दशकात ती मोठी झाली. पूर्णा-हिंगोली-अकोला बाजू अजून बरीच वर्षं छोटीच राहिली, २००८ ला तीही गेली. पूर्णा म्हणजे तेव्हा रेल्वेचंच गाव, भोंग्यावर घड्याळ लावायचे लोक. अण्णांचे हात वायपी अन् वायजी इंजिनांवर गेलेले. वायपीची चाकं चार, सहा, दोन, ती पॅसेंजरची पळणारी. वायजी दोन, आठ, दोन, ती मालाची ओढणारी. अण्णा आठ चाकांच्या वायजीचं नाव काढलं की अजून सरळ बसतात, म्हणून मी वायजी धरली.

आठ मोठी चाकं एका सरळ रेषेत म्हणल्यावर ती त्या ३२ सेंटिमीटरच्या वळणात वळतील कशी? अडकणारच. चाक रुळावरून घसरू नये म्हणून त्याला आतल्या बाजूनं जी कड असते तो काठ. यावर उपाय म्हणजे मधल्या दोन जोड्यांना काठ नसलेली चाकं घालायची, ती रुळावर नुसती सरकतात. लेगोचीच अशी चाकं आहेत, २००९ पासून. मला वाटलं ही खेळण्यातली पळवाट आहे. अण्णा म्हणले, वेड्या, खऱ्या इंजिनातपण मधलं चाक बिनकाठाचं ठेवायची रीत आहे, वळणासाठीच. मला आयुष्यात हे ठाऊक नव्हतं, अन् फिटरच्या घरात वाढलो मी.

मग चाकं फिरवणारे दांडे बसवले, दोन्ही बाजूचे एकाच जागी, वर तर दोन्ही वर. गाडी दोन चकरा फिरली अन् अडली. ढकललं, परत अडली. अण्णा खुर्चीतनं बघायलेत, बोलेनात. तिसऱ्यांदा अडल्यावर म्हणले, एका बाजूचा पाव फेरा पुढं घे. एका बाजूचा दांडा अगदी टोकाला, सरळ रेषेत आला की त्याला ढकलायला जोर राहत नाही, त्या वेळी दुसऱ्या बाजूचा बरोबर मधे पाहिजे म्हणजे तो ओढून नेतो. म्हणून खऱ्या इंजिनात दोन बाजूंचे दांडे काटकोनात असतात. अन् गंमत बघा, लेगोचा अ‍ॅक्सल अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा आहे, त्यावर चाक चारच प्रकारे बसतं, त्यामुळं काटकोन काढायला कसलं मापच लागत नाही, एक घर फिरवलं की झालं. अण्णांनी ते चाक स्वतः काढून, फिरवून बसवलं. त्यांचा हात थरथरतो, एरवी चहाचा कप धरत नाहीत. शेडमध्ये हे काम करायला किती माणसं अन् किती वेळ लागायचा ते मग ते रात्री अकरापर्यंत सांगत बसले. मी ते रेकॉर्ड करायला पाहिजे होतं, नाही केलं.

इंजिन झालं. आता त्याच्या मागचे डबे. अन् इथं गाडी खरोखर अडलीय.

छोट्या लाईनच्या डब्याचा एक धड फोटो मला मिळत नाही. आमच्या घरी त्या काळातले दोन फोटो आहेत, एकात अण्णांचा सत्कार अन् मागं इंजिनाचं धुराडं तेवढं, दुसऱ्यात आत्याचं लग्नानंतरचं निघणं, डब्याच्या दारात वऱ्हाड एवढं की डबा दिसत नाही. दोन्ही काळे-पांढरे. नेटवर मीटरगेजचे फोटो आहेत, पण बहुतेक राजस्थान, गुजरात नाहीतर दक्षिणेकडचे, अन् काढणारे परदेशी शौकीन, त्यांचा कॅमेरा इंजिनावर. डब्याचा फोटो काढायला कोण सातासमुद्रापलीकडून येतंय. पूर्णा, वसमत, हिंगोली, मुदखेड, परळी, इथं त्या डब्यांत रोज हजारो लोक बसले असतील अन् बाहेरून डबा कसा दिसायचा ते कुणाला सांगता येईना. मी दहा-बारा म्हाताऱ्या लोकांना विचारलं. बाकड्याच्या फळ्या सगळ्यांना आठवतात, खिडकीतनं डोळ्यात गेलेला कोळसा सगळ्यांना आठवतो. रंग विचारला की प्रत्येकाचा वेगळा.

म्हणून साहेब, पत्राचं कारण. तुम्ही रविवारच्या पुरवणीत चार बोटं जागा द्या अन् वाचकांना आवाहन करा की छोट्या लाईनचे फोटो कुणाच्या अल्बममध्ये असतील तर पाठवा. लग्नाचे, बदलीच्या निरोपाचे, शाळेच्या सहलीचे, काहीही, ज्यात माणसांच्या मागं डबा दिसतो ते. चेहरे कुणाचे का असेनात, मला मागचं पाहिजे. डबा बाजूनं दिसत असंल तर फारच उत्तम. खिडकीला आडवे गज होते का उभे, खिडकीच्या शटरला लाकडी पट्ट्या होत्या का पत्रा, दार आत उघडायचं का बाहेर, पायऱ्या किती. नुसतं आठवत असंल तरी लिहून पाठवा, पण पक्कं आठवत असंल तेच. गेज बदलून आता तीस वर्षं होत आली, ज्यांनी ती गाडी चालवली ती माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत. मी आधीच उशीर केलाय. अण्णांच्या बरोबरचे शेडमधले दोघं गेल्याच वर्षात गेले, त्यांना विचारू विचारू म्हणता राहून गेलं.

पोरीला विचाराल तर तिला यातलं काही नकोय, तिला वंदे भारत पाहिजे, ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून सुटली ती, पांढरी-निळी. तिचं नाक करायला तिरके तुकडे जमवायलीय. त्या गाडीचे फोटो लाखांनी आहेत, पुढचे मागचे आतले, तिला काही अडचण यायची नाही. बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला पहिली गाडी आली तेव्हाही अख्खं गाव मोबाईल घेऊन उभं होतं. अडचण आहे ती फक्त आमच्या गाडीची.

लेख लिहिणाऱ्यांना माझा राग नाही हे कळवा. परभणीला आले तर दुकानात या म्हणावं, मधल्या खोलीत टेबलावर गाडी मांडलेली असते, आईची तूर डाळ निवडायची जागाही तीच आहे, त्यामुळं कधीकधी वरणात एखादी पिवळी गोल प्लेट निघते, तेवढं सांभाळून घ्यावं लागंल.

रंगाचं शेवटचं सांगतो. लेगोच्या रंगात माझ्या कामाचे दोन आहेत, एक गडद लाल अन् एक लालसर तपकिरी. दोन्हीचे दोनशे-दोनशे तुकडे घेणं मला परवडत नाही, एकच घ्यायचाय. अण्णा म्हणतात डबा गेरूच्या रंगाचा होता, म्हणजे लाल. आई म्हणते गेरू कुठला, पानाच्या काताचा रंग होता, मी माहेरी जाताना पांढऱ्या लुगड्याला लागलेला डाग कसा विसरंन. अण्णा म्हणतात तो डाग रंगाचा नाही, गंजाचा होता. दोघंही मागं हटायला तयार नाहीत, अन् डबा खिडक्यांपर्यंत येऊन तसाच थांबलाय.

आपला,
एक वाचक, मोटर रिवायंडिंगवाला
परभणी